आज काही मागवले नाही

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढी एक वगळून बाकीचं सगळं बोलते — जणू त्याला ती ठाऊकच नसावी. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापुढे धजते आहे. तरी सरळ मुद्द्यावर येणं जमेल असं वाटत नाही. फेरे घेत येईन.

सध्या आमच्या नात्यागोत्यात माझी ख्याती काय, तर काटकसरी बाई. लग्नकार्यात बायका मला बाजूला घेऊन विचारतात, तुझा तो संकष्टीचा नियम काय आहे गं? नियम साधा आहे. एखादी वस्तू डोळ्यांत भरली की घ्यायची नाही. कागदावर लिहायची आणि पुढच्या संकष्टीपर्यंत थांबायचं. उपास सोडला की कागद काढायचा. तोवरही जीव अडकलेला असेल तर खुशाल घ्यायची. नसेल तर तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. दहातल्या आठ वस्तू हव्या होत्या हेच मला आठवत नाही. परवा कागदावर निघालं — नारळ सोलायचं यंत्र. आमच्याकडे महिन्याला नारळ येतात दोन!

आणि खरं सांगू? यात मजा आहे. न घेतलेल्या वस्तूंचे पैसे साठताना पाहून मला आतून गुदगुल्या होतात. हा आनंद मला चाळिशी उलटल्यावर कळला. पण ही शिस्त तुला लावली कुणी, असं कुणी विचारलं की मी नुसती हसते. बायकांना तो विनय वाटतो.

पाच वर्षांपूर्वी मी अशी नव्हते. आम्ही कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो — मी, माझा नवरा मंदार आणि माझे सासरे, ज्यांना मीही बाबाच म्हणते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मोठी जागा घ्यायची म्हणून दोघांच्या पगारातून पैसे बाजूला टाकायचं ठरलं होतं. मंदार टाकत होता. मी? कचेरी स्वारगेटजवळ, जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात, फोन दुसऱ्या हातात. साडेतीनशेचं काहीतरी, सहाशेचं काहीतरी. गरज कशाचीच नव्हती. वस्तू घरी आली की दोन दिवसांत तिचं तोंड बघवत नसे. हवं असायचं ते फक्त मागवतानाचं ते अर्धं मिनिट.

एकदा बिलावरून घरात महाभारत झालं. मंदारसमोर मी फोनमधून खरेदीचं ॲप काढून टाकलं, कानाला खडा लावला, देवाची शपथ घेतली. तो बिचारा लगेच विरघळला. म्हणाला, “झालं गेलं विसरू.” आठवडाभर मी शहाण्यासारखी वागले.

मग मला बाबांचा फोन दिसला.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे. सरकारी कचेरीत सगळी हयात काढलेले, हिशेबाला चोख, जिभेला तिखट. सकाळी फिरायला जाणाऱ्या पंधरा-वीस म्हाताऱ्यांचं त्यांचं एक मंडळ होतं आणि बाबा त्याचे खजिनदार. वर्षातून एक सहल काढायचे; पैसे बाबांकडे. त्यांच्या स्मरणशक्तीचा सगळ्यांना धाक होता. कुणी म्हणालं, मी मागच्या वर्षी पैसे दिले होते, तर बाबा म्हणत, “दिले असतीलही. मला नाही दिलेत.” विषय संपला.

त्यांच्या फोनमध्ये मी ते ॲप घातलं. संध्याकाळी “बाबा, जरा तुमचा फोन साफ करून देते” म्हणून घ्यायचा, त्यांच्या नावावर मागवायचं, पैसे वस्तू आल्यावर रोख. आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाला बसतो. वस्तू त्याच्याकडे उतरायची, पैशांचं पाकीट मी सकाळीच त्याच्याकडे ठेवलेलं असायचं. येणारे मेसेज बाबा वाचत नसत. सगळ्या जाहिराती समजून सोडून द्यायचे. किती बेमालूम, नाही? एवढी अक्कल मी कधी कामात वापरली असती तर आज साहेब झाले असते.

इथवर सांगितलं ते लबाडीचं. लबाडी लोक करतात. मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

एका बुधवारी इस्त्रीवाला गावाला गेला होता. पार्सलवाल्याने बाबांना फोन लावला आणि बाबा ते वर घेऊन आले. मंदार त्या दिवशी घरूनच काम करत होता; त्याने पैसे दिले. संध्याकाळी मी दारात चपला काढते आहे तर टेबलावर मानेला मसाज करणारं यंत्र, खोक्यावर बाबांचं नाव, आणि दोघं बाप-लेक त्याच्याकडे बघत बसलेले. बाबा म्हणत होते, “मी असलं काही मागवलेलं नाही. माझी मान ताठ आहे.” मंदारने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे हो — नुसतं, ही काय म्हणते म्हणून. आणि मी म्हणाले, “अहो बाबा, चुकून बोट लागलं असेल. या वयात होतं असं.”

या वयात होतं असं. किती सहज आलं ते तोंडात! आणि मी ते हसत हसत, मायेने म्हणाले. मंदारही हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

घाबरून एक वाक्य निसटलं, एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज हे लिहीत नसते. पण मला कळलं की आडोसा मिळालाय. आता लपवायचंही कारण नव्हतं. मी पुन्हा मागवलं. काचेच्या बरण्या सरळ वर आल्या. मी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “आता आल्याच आहेत तर वापरू, परत कुठे पाठवत बसायचं?” मंदारने बाबांना हळूच समजावलं. पोळ्यांचा डबा आला तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. बाबा, जे जन्मात कुणाचं ऐकून घेत नसत, ते तो डबा उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले. चार महिने हे चाललं होतं. चार महिने!

मंदार त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. बाबांनी धडाधड उत्तरं दिली. डॉक्टर म्हणाले, यांना काहीही झालेलं नाही. घरी येऊन बाबा मला म्हणाले, “डॉक्टर सज्जन माणूस आहे गं. तोंडावर कसं सांगेल?”

एका रविवारी त्यांच्या टेबलावरची धूळ पुसताना मला एक वही सापडली. रोजची एक ओळ, त्यांच्या टाकटिपीच्या अक्षरात. “दुपारी फोन पाहिला. बातम्या वाचल्या. आज काही मागवले नाही.” खाली पूर्ण सही, कचेरीतल्यासारखी. पानंच्या पानं. स्वतःवर पहारा बसवला होता त्यांनी.

मी वही होती तशी ठेवली. त्या क्षणी मला रडू आलं होतं, हे सांगते. आणि पाच दिवसांनी मी चादरींचा जोड मागवला, हेही सांगते. का? मला माहीत नाही. हल्ली लोक त्याला व्यसन म्हणतात, आजार म्हणतात. असेल. पण बोट माझं होतं आणि वही मी वाचलेली होती.

चादरी आल्या त्या दिवशी मी पुन्हा ती वही उघडली. ज्या दिवशी मी मागवलं होतं, त्या दिवसाची ओळ बाबांनी खोक्यावरची तारीख बघून खोडली होती. सहीसकट. समासात लिहिलं होतं — विस्मरण. पार्सल खरं आणि आपली सही खोटी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन आणून माझ्या हातात दिला. मंदारच्या नव्हे, माझ्या. “तुझ्या कपाटात ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस.” मी ॲप काढून टाकलं. त्यानंतर मी कशालाही हात लावला नाही. लावूच शकले नाही. संकष्टीचा नियम तेव्हाचा. लोकांना वाटतं मी मनावर ताबा मिळवला. मला तर शरमेने हात उचलवत नव्हता, एवढंच.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट इथे आहे. मी खरेदी थांबवली, म्हणून पार्सलं थांबली. दोन महिने दारावर कुणी आलं नाही. एकदा जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, “बघ, फोन गेला आणि पार्सलं बंद झाली. म्हणजे मीच होतो.” माझ्या चांगल्या वागण्याचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला होता. तोंडात घास होता. मी तो गिळला आणि त्यांना भात वाढला.

पुढे त्यांनी एकेक गोष्ट सोडली. आधी मंडळाची खजिनदारी. लोणी काळभोरला बहिणीकडे एकट्याने बसने जायचे, ते सोडलं. वाद घालणं सोडलं. कुणी काही ठासून सांगितलं की “असेल, असेल” म्हणायला लागले. पेन्शनच्या खात्याचं माझ्यावर सोपवून मोकळे झाले. त्यांचं ते खातं मी फार नीट सांभाळते. त्यात शिल्लक वाढली की मला आनंद होतो, आणि त्या आनंदाची मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात मंडळातले साने काका घरी आले. नव्या खजिनदाराने सहलीचा घोळ करून ठेवला होता. “खजिनदारी पुन्हा घ्या हो तुम्ही,” ते बाबांना म्हणाले. “तुमच्यासारखं डोकं आमच्यात कुणाचं नाही.” बाबा एकोणऐंशीचे आहेत, आजही न अडखळता पाढे म्हणतात. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मी पाहिलं ते. मग त्यांनी मान हलवली. “छे, साने. माझ्यावर विसंबू नका. मध्यंतरी मी काय काय करून बसलो, हिला विचारा.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हातात चहाचा ट्रे होता. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. मंदारही घरी नव्हता.

“पैसे मी सांभाळेन, काका,” मी म्हणाले. “बाबांना उगाच त्रास नको.”

बाबांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं.