काड्यापेटीतला डिकोडर

सहादेव वायरमन म्हणजे सावेडीच्या नाक्यावरचा एक नमुनाच होता. मूळचा श्रीगोंद्याकडचा. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही मास्तरांच्या सायकलचा डायनामो नीट करून दिला म्हणून पास! पुढं कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवे जोडता जोडता हात असा बसला, की बोनेट न उघडता सांगायचा, वायर कुठं तुटलीय ते. ट्रॅक्टरच्या दिव्याला वायर एकच ओढायची, दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला टेकवायचं. लोखंड करंट आपोआप माघारी नेतं. ह्याला म्हणायचं बॉडी अर्थ. "निम्मी वायर वाचती, निम्मी डोकेदुखी बी," असं तो येईल त्याला ऐकवायचा. वीस वर्षं हे शास्त्र चुकलं नाही. चुकलं ते सत्त्याण्णव साली, आणि कुठं, तर वीतभर लांबीच्या इंजिनात.

ते इंजिन आप्पासाहेबांचं. आप्पासाहेब म्हणजे दौंड-मनमाड लाइनीवर कोळशाची इंजिनं हाकून रिटायर झालेले ड्रायव्हर. बायको वारलेली, एकुलता एक अजिनाथ जर्मनीत. आईच्या मातीला तो पोचला नाही, तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. सहा वर्षं! आणि एके दिवशी पार्सल आलं. त्यात हुबेहूब कोळशाचं इंजिन, गोल जोडायचे रूळ, एक कंट्रोलचा डबा आणि वेगळ्या पुडीत नखाएवढा हिरवा तुकडा, त्याला केसासारख्या रंगीत वायरी. हाच डिकोडर. डब्यावरून सोडलेला हुकूम तो ऐकणार आणि इंजिनाला चालवणार. चिठ्ठी दोन ओळींची : 'हा बसवून घ्या. पुढं जाताना पुढचा दिवा लागेल, मागं येताना मागचा. तुमच्या इंजिनासारखा.'

म्हाताऱ्यानं ती चिठ्ठी कॉलनीत दारोदार वाचून दाखवली. दूधवाल्याला दोनदा. मग इंजिन, रूळ, डबा सगळं पिशवीत घालून सहादेवाच्या टपरीवर. "सहादेवा, लेकाला माझा दिवा आठवला बघ. नीट बसव. दुसरा डिकोडर नाहीये."

"आप्पा, अख्खा कारखाना उजळलाय म्या. ह्ये तर खेळणं हाय."

सोबतचा कागद जर्मन भाषेतला. चित्रात मोटर इंजिनाच्या धडापासून लांब काढलेली, आणि मधोमध जाड काळी रेघ. सहादेवाला वाटलं, चित्रकाराला कागद मोकळा मिळालाय, काढलं असेल ऐसपैस. त्यानं चाकांकडून येणाऱ्या वायरी डाग देऊन जोडल्या, गव्हाच्या दाण्याएवढे दिवे जोडले, मोटरचं एक टोक जोडलं. दुसरं टोक बघतो तर आधीच इंजिनाच्या धडाला टेकलेलं. खूश झाला गडी! "आरं, जर्मनीत बी बॉडी अर्थ!" म्हणत त्यानं उरलेली वायर धडालाच चिकटवली, इंजिन रुळावर ठेवलं आणि डबा चालू केला.

दिवा लागला. सहादेव हसेस्तोवर धुराचा दोरा वर आला, जळका वास सुटला आणि सगळं गार.

आप्पासाहेब संध्याकाळी आले, तेव्हा सहादेवाच्या तोंडून जे निघालं, ते त्याचं त्यालाही आधी ठाऊक नव्हतं. "आप्पा, ह्यो तुकडा तिकडूनच मेलेला आलाय."

म्हातारा तडक समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. सहादेव काचेबाहेर उभा. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "सहा वर्षांनी बापाची आठवण झाली, आणि पाठवलास काय, तर फुटका माल? आई मेली तेव्हा तू नव्हतास, आता ही चेष्टा?" पलीकडचं काही ऐकून घ्यायच्या आत त्यांनी फोन आपटला. बाहेर आले, ते उरलेले पैसे न घेताच. सहादेव म्हणाला, "चहा घेता का?"

घरी लंकाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तोंडावरूनच ओळखलं. "आवं, सांगून टाका म्हाताऱ्याला. चार शिव्या देईल अन् गप बसंल."

"शिव्यांचं न्हाई गं. पोराला बोलून बसला ना त्यो. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं. दुसरं हाय का?"

दोन महिन्यांनी दुसरा डिकोडर आला. सोबत चिठ्ठी नव्हती. सहादेवानं या खेपेला कागद दोन दिवस पुढ्यात ठेवला आणि त्या काळ्या रेघेचा अर्थ त्याच्या टाळक्यात शिरला : मोटर धडाला टेकताच कामा नये. ट्रॅक्टरच्या लोखंडात बाहेरचं काही येत नाही. ह्या इंजिनाचं धड मात्र रुळावरून सारखा करंट उचलत होतं. तोच डिकोडरमध्ये उलटा घुसला. त्यानं मोटर उचलली, खाली जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सारली, लोखंडी स्क्रूच्या जागी प्लास्टिकचा घातला. मोटर धडापासून सुटी झाली, आणि गुन्हा कुणाचा ह्याची उरलीसुरली शंकाही फिटली.

आप्पासाहेबांच्या जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले. इंजिन निघालं, पुढचा दिवा लागला. मागं घेतलं, मागचा लागला. म्हातारा लहान पोरागत खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बघ, धड माल पाठवला की कसा चालतो! पहिल्यांदाच पाठवला असता तर मी बोललो असतो का त्याला?"

सहादेवाच्या जिभेवर आलं होतं. त्यानं गिळलं. उद्या सांगू.

असे आठ उद्या गेले. नवव्या दिवशी आप्पासाहेब खुर्चीतच गेले.

अजिनाथ दहाव्याला आला. माणसं पांगल्यावर सहादेवानं खिशातून काड्यापेटी काढून त्याच्यापुढं उघडली. आत जळका डिकोडर. "साहेब, ह्यो म्या जाळला. तुमचा माल चांगला हुता. आप्पास्नी म्या खोटं सांगितलं."

अजिनाथनं पेटी हातात घेतली. "चांगलाच होता. मी तपासून पाठवला होता. वाटलं, आप्पांनीच जाळला आणि माझ्या नावावर खपवला. म्हणून दुसऱ्याबरोबर चिठ्ठी टाकली नाही." मग तो आणखी हळू बोलला. "मलाही बसवता येतो तो. मुद्दाम सुटा पाठवला. म्हटलं, बसवताना अडलं की विचारायला तरी फोन करतील."

सहादेवाला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. अजिनाथनं इंजिन कापडात गुंडाळलं आणि काड्यापेटी त्याच्याच हातात परत ठेवली.

ती पेटी पुढं टपरीतल्या खिळ्याला टांगलेली असायची. आणि सहादेवाला एक खोड लागली. हातून फ्यूज जरी उडाला, तरी गिऱ्हाईक ट्रॅक्टरवरून खाली उतरायच्या आत हा ओरडून सांगायचा, "माझ्या हातनं जळालं!" पुढं पुढं नाक्यावर बोलणं झालं, "त्या सहादेवाकडं नको रं, लई जाळतो." ट्रॅक्टरवाले पलीकडच्या वायरमनकडं वळले. तो काही कमी जाळत नव्हता. सांगत नव्हता, इतकंच.