सुई ओट्यावर होती, आमी नाल्यापल्याड

नलिनीबाई मेल्या.

"देवाघरी गेल्या" असं खाली कोणी लिहू नका. मी देव मानत नाही, अन् त्यायचं घर नागपूरले होतं.

सकाळी शीलाचा फोन आला. माही पोरगी. रडून राह्यली होती. मी म्हटलं, ऐंशीच्या वर होत्या, रडते कायले?

मंग मोबाईल घेऊन बसली. चौथी शिकली मी. चुकलं तं सुधरून वाचा.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असंल. शेलूबाजारपासून दोन कोसावर आमचं गाव. तवा जीप दिसली का गडीमाणसं तुरीत पळत. नसबंदीले धरून नेतात म्हणून.

तशाच एका जीपमधून ही बाई उतरली. जाड चष्मा, खांद्याले झोला, झोल्यात फॉर्म. लहान लेकरायले रोगाची सुई आया काहून देत नाही, याचा सर्व्हे. दर पाचवं घर.

सोबत गावचा कोतवाल. दोघायनं नाल्यापर्यंत घरं मोजली अन् जीपकडं वळले. नाल्याच्या पल्याड आमची बौद्धायची वस्ती. मी दारात गोवऱ्या थापत होती.

"ओ बाई! आमचे दारं काहून मोजले नाई?"

"कोतवाल म्हणाले, गाव इथंच संपतं."

"त्याचं संपते. आमचं इथून सुरू होते."

बाई चपला हातात घेऊन नाला उतरून आली. कोतवाल नाही आला.

खाली बसली, फॉर्म काढला.

"मुलं किती?"

"एक." शीला मांडीवर होती, आठ महिन्याची.

"देवीच्या कोपानं रोग होतो, असं वाटतं का?"

"माह्या सासऱ्यानं छप्पन साली सगळे देव टोपल्यात भरून ह्याच नाल्यात सोडले. कोपाले उरलं कोण?"

"सुईची भीती वाटते?"

"बाई, आमी पायातला काटा बाभळीच्या काट्यानं काढतो."

"मग बाळाला सुई दिली?"

"नाई."

बाईनं फॉर्म उलटून पाह्यला. असं उत्तर लिहाले त्यात जागाच नव्हती.

दर पाचवं घर सोडून शेजारच्याच चार घरी गेली. तेच. देव नाही, भीती नाही, अन् सुईही नाही.

परत येऊन बसली तवा माही सासू बोलली. "सुई देते कुठी, थे तं विचार."

नर्सबाई बसे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. सासूले तरुणपणी त्या ओट्याजवळ उभं राहू देलं नव्हतं. आता या म्हणत होते, तं ती जात नव्हती. अन् आमी देव सोडल्यावर देवळात कायले जाऊ?

बाईनं पेन खाली ठेवला.

मंग मी सांगतलं. तिनं विचारलं नव्हतं, म्हणून सांगतलं.

शीलाच्या आधी राजू होता. दोन वर्षाचा. घटसर्पानं गळा बंद झाला अन् गेला. सुई तवाही गावात आली होती. ओट्यावर.

बाईनं फॉर्मवरचा 'एक' खोडला, 'दोन' लिहिलं.

मी म्हटलं, "आता तं सुई दुसरीकडं ठेवा."

"माझं काम विचारायचं आहे हो, बदलायचं नाही. मीच बदललं तर अभ्यास बिघडतो."

"मंग विचाराले कायले आल्या? माह्या राजूचं ऐकून झोल्यात घालाले?"

बाईनं फॉर्म झोल्यात घातला. मंग म्हणे, "तुम्हीच सांगा, कुठं ठेवू? तुमच्या विहारात?"

"विहारात पाटलाच्या सुना येतीन काय? तलावावर ठेवा."

रोजगार हमीतून तलावाचं काम चालू होतं. साऱ्या जातीच्या बाया तिथं माती वाहत. लेकरं लिंबाखाली झोळीत.

आठ दिवसानं नर्सबाई स्टोव्ह घेऊन तलावावर आली. नलिनीबाईही आली, पण फॉर्म नव्हते. तवा काचेची पिचकारी राहे. सुई उकळून सगळ्यायले तीच.

मी शीलाले घेऊन पुढं झाली, तं गावातली गंगू बोलली, "हिच्या पोरीची सुई मंग आमच्या पोराले?"

साऱ्या थांबल्या. गंगू उठून गेली असती तं बाकीच्याही गेल्या असत्या. नर्सही परत गेली असती, अन् शीला तशीच राह्यली असती.

"मंग तुह्या पोराले आधी टोचून घे," मी म्हटलं. "मी चालवून घेते तुहा विटाळ."

कामावरचा मुकडदम फिसकन हसला. मंग बाया हसल्या. मंग गंगूही हसली, अन् "लय बोलते वं तू" म्हणत पोरगं पुढं केलं.

त्याच्यामागं शीला. मंग रांगच लागली.

शीलाले दोन दिवस ताप होता. मी दोन दिवस नलिनीबाईले शिव्या देल्या.

तीन वर्षानं बाई मले द्याले पुस्तक घेऊन आल्या. त्यायनंच लिहिलेलं. आमच्याबद्दलचं पान वाचून दाखवलं, "या स्त्रियांनी लस नाकारली नव्हती. त्यांना जाता येईल अशा जागी ती कधी ठेवलीच नव्हती."

मी म्हटलं, "बाकीच्यायचं खरं आहे. माह्यं नाई. राजूच्या वेळी ओट्याखाली उभं राहून मी हाक मारली असती, तं नर्सबाई खाली आली असती. मनात आलं होतं माह्या. पण मी अकडीत राह्यली."

"तुमचा दोष नाही हो तो."

"माह्या वाट्याचा मले राहू द्या. लिहा थे."

दुसरं कोणी असतं तं समजूत काढत बसलं असतं. बाईनं पेन काढला, अन् माह्या पुस्तकाच्या कडेले लिहिलं. जसं सांगतलं तसंच. गोड केलं नाही.

लिहून झाल्यावर मले वाचून दाखवलं. मंग आमी चहा पेलो.

लोकं आमच्यावर लिहितात तवा बिच्चारे लिहितात, नाहीतं अडाणी लिहितात. या बाईनं मले दोन्ही केलं नाही.

पुस्तक शीलाकडं आहे. मातीले ती निघाली नागपूरले. माह्यानं आता प्रवास होत नाही.

नलिनीबाई, शेवटचा जयभीम.