सरोजाला मुलगी झाली

सरोजा घरी आल्याशिवाय केबलमावशी जेवायच्या नाहीत. सरोजा म्हणजे त्यांची लेक नाही की सून नाही, दुपारच्या तेलुगू मालिकेतली बाई. तिची सासू तिला आत घेईना तर मावशी ताट पुढ्यात घेऊन नुसत्या बसून राहायच्या, भाजी गार, भात गार, आणि टीव्हीकडं बघून म्हणायच्या, "अगं घे की आत लेकराला, कायकू दारात उभी केलीस? मला भूक लागली ना!"

चिक्कडपल्लीच्या आमच्या बिल्डिंगीत पहिलं केबल त्यांच्याकडं आलं, म्हणून केबलमावशी. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत, त्यामुळं बोलणं निम्मं दखनी, निम्मं तेलुगू आणि उरलेलं आमचं. मी नांदेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, सातवी नापास. नवरा सकाळीच बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानावर जायचा, मला दिवस गेलेले, आणि नुसती भीती. माझी आई माझ्या भावाच्या वेळी बाळंतपणात गेली, भाऊपण गेला, मी दारात उभी होते. हे मी मावशींशिवाय कुणाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "दुपारी माझ्याकडं येत जा. सरोजाला पण दिवस गेलेत. दोघी बराबर बाळंत व्हाल."

मग काय, मला तिचाच आधार. तेलुगूचं एक अक्षर कळायचं नाही, मावशी सांगतील ती गोष्ट. सरोजाला उलट्या झाल्या की मला बरं वाटायचं, तिलापण होतात म्हणून. ती जिना उतरायला लागली की मी श्वास धरायची. माझ्या मनानं घेतलंच होतं, तिचं नीट झालं तर माझं नीट होणार.

सातव्या महिन्यात मावशींनी सरोजाचं डोहाळजेवण केलं. खरंच केलं! "सासू करायची नाही, माहेर नाही, मग करायचं कुणी?" टीव्हीच्या काचेला हळदीकुंकू, टीव्हीवर गजरा, समोर पाट. पण टीव्ही काय पाटावर बसतोय? मग मला म्हणाल्या, "तू बस तिच्या जागेवर." मला हिरव्या बांगड्या भरल्या, फुलांची वाडी भरली, ओटी भरली, अंबाडीची भाजी, चिंचभात, पुरणपोळी वाढली. वरच्या मजल्यावरच्या अक्का हसून हसून लोटपोट, "मावशी, जेवली का तुमची सरोजा?" "हौ, जेवली. पोळी मागून घेतली," मावशी माझ्याकडं बघत म्हणाल्या. माझं डोहाळजेवण करायला कुणी नव्हतं, हे कुणाच्याच तोंडातून निघालं नाही.

मला नववा लागला आणि तिकडं सरोजाला दवाखान्यात नेलं. मी मावशींचा हात घट्ट धरलेला. डॉक्टरीण बाहेर आली, चष्मा काढून काहीतरी बोलली, आणि सरोजाचा नवरा भिंतीला डोकं लावून रडायला लागला.

"काय झालं मावशी? काय म्हणाली?"

मावशींनी माझ्या पोटाकडं बघितलं. "मुलगी झाली. आनंदानं रडायलाय येडा."

"मग हे असं का वाजायलंय, कुणी मेल्यासारखं?"

"त्यांचं वाजवणंच तसं बाई. लग्नात पण हेच वाजवतात."

मुलगी झाली! मी घरी जाऊन शिरा केला, वाटी घेऊन पळतच आले, तर मावशी डोक्यावरून न्हालेल्या, देवापुढं दिवा नाही. मला दारातच थांबवलं. "आत नक्को येऊ. सुतक आहे. लांबच्या नात्यात." मला वाईट वाटलं, एवढ्या आनंदाच्या दिवशी यांच्याकडं असं व्हावं. पुढं मी रोज विचारायची, सरोजाचं लेकरू का दाखवत नाहीत? "सव्वा महिना तरी होऊ दे. दृष्ट लागत नाही का?" बरोबरच होतं की.

मी भीत भीत दवाखान्यात गेले, पण गेले. नर्सबाई म्हणाली, भिऊ नको. मी म्हटलं, आता नाही भीत, सरोजाला मुलगी झाली. ती बघतच राहिली. मलापण मुलगीच झाली.

मग मावशी मुलाच्या नव्या घरी दिलसुखनगरला गेल्या, आणि माझ्या दुपारी मोकळ्या पडल्या. भाजीच्या गाड्यावर बोलून बोलून मला तेलुगू यायला लागली. परवा आमच्या टीव्हीवर ती जुनी मालिका परत लागली. डॉक्टरीण बाहेर आली, चष्मा काढला, बोलली, आणि मला सगळं कळलं. बाळ गेलं होतं. मी लेकीला छातीशी धरून बसले, आणि एकदम मावशींचे ते ओले केस आठवले, बिनदिव्याचे देव आठवले. लांबचं नातं!

तशीच उठले, लेकीला कडेवर घेतलं, बस धरली.

"मावशी, खोटं सांगितलंत तुम्ही मला!"

"खोटं कायकू? लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं, मी दुरुस्त केलं." माझ्या लेकीला ओढून मांडीवर घेतलं. "ही काय सरोजाची मुलगी! झाली का नाही?"

मी हसायला लागले ते थांबेचना, आणि हसता हसता सांगून टाकलं, की परत दिवस गेलेत, परत तीच भीती, रात्री झोप नाही. मावशींनी टीव्ही लावला. दुसरी मालिका, दुसरी बाई, तिलापण दिवस गेलेले.

"मावशी, मला आता तेलुगू कळते."

"कळू दे," म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला. "आता मी सांगते, ऐक."