चांद वाढता, उजवी मांडी

भीमाबाईंबद्दल एखाद्या लिहित्या माणसाने लिहायला हवं होतं. मला साधं पत्र लिहायलाही अर्धा दिवस लागतो. पण त्यांची इंजेक्शनं आमच्या फ्रीजमध्ये असायची, त्यामुळे जे पाहिलं ते मीच पाहिलं.

पनवेलच्या कोळीवाड्याला लागून आमची चाळ. पंचाण्णव साल होतं. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी नगरपालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झालो होतो. भीमाबाई पासष्टीच्या, एकट्या राहत. मासळी बाजारात चाळीस वर्षं त्यांचा एक ठरलेला ओटा होता. त्या वर्षी चैत्रात पापलेटची पाटी उचलायला वाकल्या आणि तिथेच बसल्या. पाठीचा मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, दिवसाआड इंजेक्शन घ्यायचं, घरच्या घरी, स्वतःच्या हाताने.

त्यांचा मुलगा कुंदन न्हावा शेवाच्या बंदरात होता. तो मुंबईहून औषध आणून देई. छोट्या काचेच्या बाटल्या, थंडच ठेवायच्या. भीमाबाईंकडे फ्रीज नव्हता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. एकदा घरी नेताना वाटेत बाटली पडून फुटली, तेव्हापासून त्या इंजेक्शन आमच्याच स्वयंपाकघरात घेऊ लागल्या. दार लोटून घेत. मी बाहेर गॅलरीकडे तोंड करून बसे आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करी.

"सुरमई एका घावात कापते मी," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पन ही एवढीशी सुई बगा, टोचवत नाय."

सुई टोचून बाहेर आल्या की त्यांचा चेहरा लाल व्हायचा. पोटात ढवळायचं. खुर्चीत डोळे मिटून बसत. त्या दिवशी त्यांना मासळीचा वास सहन होत नसे. ज्या बाईच्या हाताला चाळीस वर्षं तो वास होता तिला शेजारच्या घरातलं कालवण नकोसं व्हावं, याची त्यांना लाज वाटे.

दवाखान्यातल्या संजना सिस्टरने त्यांना सगळं शिकवलं होतं. औषधासोबतचा कागद मी वाचून दाखवला. प्रत्येक वेळी टोचायची जागा बदलावी, मांड्या आणि पोट, असं त्यात होतं. मी ते वाचलं आणि भीमाबाईंनी मान हलवली. त्या कुठे टोचतात हे मी कधी विचारलं नाही. एका बाईला असं कसं विचारायचं?

त्यांना घाई होती ती वेगळीच. पावसाळ्यात होड्या बंद असतात, ओटे रिकामे राहिले तरी कोणी काही बोलत नाही. पण नारळी पौर्णिमेनंतर नव्या हंगामाचा पहिला बाजार भरतो. त्या दिवशी जी आपल्या ओट्यावर बसत नाही, तिचा ओटा घरातल्या दुसऱ्या बाईकडे जातो, आणि गेला की परत येत नाही. भीमाबाईंची चुलत सून मनिषा शेजारच्या ओट्यावरच बसे. तिला दोन ओटे मिळाले तर हवेच होते. कुंदनलाही आईने आता बसू नये असं वाटे.

आषाढ लागला तरी पाठ तशीच दुखत होती. एका सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. हातात भरलेली सुई.

"भाऊ, सुई आत जात नाय. मांडी सुक्या बांगड्यावानी झालीय."

रिक्षाने दवाखान्यात गेलो. संजनाने त्यांना पडद्याआड नेलं. तिचा आवाज मोठा, मी बाहेर बाकावर बसलो होतो तरी सगळं ऐकू आलं.

"अहो आजी, ह्या केवढ्या गाठी! एकाच जागी किती वेळा टोचलंत?"

"एका जागी कुटं? बदलते की मी."

"कशी बदलता?"

"चांद वाढता उजवी मांडी, चांद उतरता डावी. पंधरवड्यानं."

"पंधरवड्यानं? कुणी सांगितलं असं?"

"सांगाया कशाला पायजे? भरती, उधाण, जाली, आमचा समदा धंदा पंधरवड्यानं फिरतो. तुमी म्हनालात बदला, मी बदलली."

"रोज बदलायची, आजी! म्हणजे टोचाल त्या प्रत्येक वेळी!"

मग पडदा सरकला आणि संजना माझ्याकडे बघू लागली. "काका, कागद तुम्ही वाचता ना त्यांना? एकदा विचारलं नाहीत?"

मी म्हटलं, नाही.

डॉक्टर म्हणाले, गाठीतून औषध नीट अंगात जात नाही. दोन महिन्यांतलं किती लागू पडलं ते सांगता येणार नाही. उजव्या मांडीला महिनाभर हात लावू नका. पौर्णिमेला पाच आठवडे उरले होते.

घरी आल्यावर मी एक कागद घेतला. बाईचं चित्र काढायला हात धजेना. शेवटी एक चौकोन काढला, त्याचे चार भाग केले. वरचे दोन म्हणजे पोट, खालचे दोन म्हणजे मांड्या.

भीमाबाईंनी कागद लांब धरून पाहिला. "ही बाई हाय का खिडकी?"

कितीतरी दिवसांनी त्या हसल्या, आणि हसताना पाठ धरली.

पोटाला टोचायला त्या तयार नव्हत्या. लुगड्याची घट्ट गाठ सोडावी लागे, आणि आतडं फुटेल ही भीती. मी औषधाचा कागद पुन्हा वाचून दाखवला: कातडी चिमटीत धरून फक्त तिच्या खालीच सुई जाते, आणि बेंबीपासून दोन बोटं लांब राहायचं. दुसऱ्या दिवशी दार लोटलं गेलं. मग आतून हाक आली.

"भाऊ! वरची डावी!"

मी खिडकीच्या त्या खणात फुली केली. पुढच्या वेळी "खालची डावी!", मग "वरची उजवी!" सगळ्या चाळीला ऐकू जाई. वरच्या मजल्यावरच्या बायका हसत. मला मान वर करवत नसे, पण मी फुली करत राहिलो. एकाच खणातही प्रत्येक फुली आधीच्या फुलीपासून जरा बाजूला.

श्रावणात दुखणं थोडं उतरलं. अर्धा-पाऊण तास बसता येऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं, पाटी उचलायची नाही, खाली उकिडवं बसायचं नाही, खुर्ची घ्यायची.

पहिला बाजार नेमका इंजेक्शनच्या दिवशी आला. मी म्हटलं, "आज राहू द्या, उद्या घ्या. तिथे ढवळेल."

"दोन म्हयने आपन दोघांनी मिलून घालवलं, भाऊ. आता एक दिस पन नाय." त्या आत गेल्या. जरा वेळाने आवाज आला, "वरची डावी."

त्यांची खुर्ची घेऊन मी बरोबर गेलो. मनिषाने आपली मासळी भीमाबाईंच्या अर्ध्या ओट्यावर पसरून ठेवली होती.

"काकी, खुर्चीवर बसून मासली? बँक खोललीत का?"

"तुजे बोंबील उचल. हा ओटा माजा हाय."

मनिषाने बोंबील उचलले, पण सावकाश. भीमाबाई बसल्या. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी पदर नाकाला लावला. ते बाजाराने पाहिलं.

"आगो बया, भीमाबायला मासलीचा वास येतो!" पलीकडून कोणी ओरडलं. हसण्याची लाट गेली.

"येतो," भीमाबाई पदराआडून म्हणाल्या. "तुज्या कालच्या मासलीचा."

एकदा उठून भिंतीआड गेल्या, ओकल्या, तोंड धुऊन परत बसल्या. त्यांनी कोळंबीचे वाटे लावले. साडेअकरापर्यंत बसल्या. ओटा कोणाचा, हे मग कोणी विचारलं नाही.

उठताना त्या मनिषाकडे वळल्या. "सुईच्या दिवशी ह्यो ओटा तू सांबाल. बाकीचं दिवस मी येनार. म्होरल्या सालीबी."

मनिषाने भीमाबाईंच्या वाटेतला आपला पाण्याचा डबा तेवढा उचलून बाजूला ठेवला.

वाटेत मी विचारलं, "ती मानेल का?"

"आज नाय. तिची पन कंबर दुखते. सकालपासून बगते मी."

त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी खुर्ची टेकवली, त्या बसल्या. मग उठल्या, थोडं चाललो, पुन्हा खुर्ची टेकवली. मासळी बाजार ते आमची चाळ ही दहा मिनिटांची वाट. त्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला.