मागच्या खोलीतलं ताट

वेताच्या खुर्च्या विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोक बैठक फाटलेल्या खुर्च्या आणून टाकायचे आणि ती पुढच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून, भिजवलेल्या पट्ट्या ओवत बसायची. सगळे तिला वेतवालीच म्हणत. दुसऱ्या खेपेचा सहावा महिना लागला होता, तरी हात थांबला नव्हता.

पहिली मुलगी जन्मताच गेली. तिच्यासाठी रंगवलेली मागची खोली तेव्हापासून बंद होती, आणि त्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नसे. नवरा बस चालवायचा, थोरली जाऊ शाळेच्या कार्यालयात होती. जाताना जाऊ ताट वाढून, झाकून ठेवायची. संध्याकाळी ते मोरीत रिकामं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

दवाखान्यातल्या सिस्टरला मात्र चैन पडत नव्हतं. "काटा मागच्या वेळी होता तिथेच आहे. जेवतेस ना?"

"जेवते की! आमच्या जाऊबाईंच्या तावडीतून कुणी उपाशी सुटलंय का?"

सिस्टर हसली नाही. "दोन माणसांचं खा असं मी म्हणत नाही. त्यानं नुसती चरबी चढते. पण बाळ, वार, भोवतीचं पाणी, तुझं वाढतं रक्त, या सगळ्यानं वजन हळूहळू वर जायलाच हवं. दूध, अंडी, डाळी, फळं. एका बैठकीत जात नसेल तर थोडं थोडं घे, पण चुकवू नकोस."

तपासण्या झाल्या. रक्तात काही खोट निघाली नाही. बाळ तेवढं बारीक होतं.

ती चक्रावली. ताट तर रोज संपत होतं. पण आज काय जेवलो, हे आठवू पाहिलं की डोक्यात धुकं दाटायचं.

एका दुपारी ती विणत असताना मागच्या खोलीतून आवाज आला. ताटाला चमचा घासल्याचा. अगदी सावकाश, लहान मूल खातं तसा. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंतीला धरत ती मागे गेली. कडी निघालेली होती. आत फरशीवर तिचं ताट होतं, चाटूनपुसून लख्ख. तिनं आपला हात नाकाशी नेला. हाताला ओल्या वेताचा वास होता, जेवणाचा नव्हता.

संध्याकाळी तिनं जाऊला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून जाऊ स्वयंपाकघरात बसून राहिली.

"अगं ए! इकडे बघ!"

वेतवाली दचकली. ती मागच्या खोलीत बसली होती. समोर भरलेलं ताट, आणि दारात जाऊ, पांढरीफटक.

"इथं कशी आले मी?"

"स्वतःच्या पायांनी. हाक मारली तरी ओ दिली नाहीस. कोपऱ्याकडे बघून म्हणत होतीस, आधी तू जेव, उरलं तर पोटातल्याला."

ते ऐकलं मात्र, वेतवालीचा बांध फुटला. "तिला काहीच मिळालं नाही हो, ताई. दुधाचा एक थेंबसुद्धा नाही. आणि मी ह्याला कसं पोसू?"

जाऊ फरशीवर तिला खेटून बसली. "ह्याच्या पोटात घास गेला म्हणून तिच्या तोंडचा जात नाही गं. वेडी कुठली." तिनं घास करून पुढे धरला.

तोंडाशी आलेला घास वेतवालीनं अडवला. "ताई, रोजची ताटं मग कोण संपवायचं?"

जाऊनं खिडकीकडे पाहिलं. ती आतून बंद होती, काच शाबूत होती. फरशीवर शीत नव्हतं, मुंगी नव्हती.

"तू खा आधी," जाऊ म्हणाली. कोपऱ्याकडे न बघता तिनं घास पुन्हा पुढे केला.

सिस्टरपासून त्यांनी काही लपवलं नाही. तिनं मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. तिथं वेतवाली पहिल्यांदा आपल्या मुलीबद्दल पोटभर बोलली. दुपारी तिनं एकटीनं जेवायचं नाही, असं ठरलं. जाऊ शाळेच्या मधल्या सुट्टीत धापा टाकत घरी यायची, "तुझ्यापायी माझंच वजन उतरायला लागलंय" म्हणून कुरकुरायची, आणि दोघी एका ताटात जेवायच्या. वजन वाढू लागलं. एकदम नाही, पण बेतानं, हवं तसं. दिवस भरले आणि मुलगा सुखरूप झाला, हाताला भरीव लागेल असा.

मागच्या खोलीत उजेड चांगला येतो, म्हणून आता ती तिथेच विणते. बाळ शेजारी झोपलेलं असतं. त्या कोपऱ्याकडे मात्र ती कधी पाठ करून बसत नाही.