पहिली फेरी काकींची

वहिनींचा फोन आला तेव्हा मी आधी वैतागलोच. सुधाकरच्या घरून सकाळी सकाळी फोन म्हणजे गाडी ढकलायला माणूस हवाय, नाहीतर काहीतरी जळलंय, हे इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्यामुळे त्या काही बोलायच्या आत मीच विचारलं, "आता काय जळलं?" मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले..." सुधाकर ओट्यावर चहा पिता पिता गेला. हृदयाचा झटका. श्रावणातली गोष्ट. आता दसरा तोंडावर आला आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. माणूस गेल्यावर रडू यावं, ते आलं. पण ते ओसरल्यावर खाली उरला तो रागच. कारण नेऱ्याला त्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, त्याचा पिकअप बॉनेट उघडं टाकून उभा आहे आणि तो काही चालू होत नाही.

मी पनवेलचा, सुध्या जवळच्याच नेरे गावचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी विम्याच्या कामात गेलो. अपघातातल्या गाड्या बघायच्या आणि दुरुस्त होईल की मोडीत काढायची ते सांगायचं, हेच आयुष्यभर केलं. सुध्या तळोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. मी ज्याला मोडीत काढायचो ते त्याला उठवून बघावंसं वाटायचं, एवढं कारण आम्हाला भांडायला पुरायचं. पिकअप त्याच्या वडिलांचा. भेंडी, काकडी, शिराळी भरून ते नेऱ्याहून पनवेलच्या बाजारात यायचे आणि शेजारच्या सीटवर काकी, म्हणजे सुध्याची आई, एका हाताने डॅशबोर्ड धरून बसलेल्या असायच्या. ते इंजिन असं थरथरायचं की बाजारात उतरल्यावर काकी आधी दोन मिनिटं हात झटकत उभ्या राहायच्या. वडील गेले, गाडी शेडमध्ये गेली, आणि उभ्या उभ्या इंजिन जाम झालं. मध्यंतरी काकींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मग सुध्या रिटायर झाला आणि त्याने जाहीर केलं, "गाडी उठवायची. पहिली फेरी आयेची. नेऱ्यावरून बाजारात. बापाच्या जागी मी बसेन, तिच्या जागी ती."

मी म्हटलं, छान. जुनं इंजिन उतरव, सिलिंडर बोअर करून घे, नवे पिस्टन टाक, दिवाळीपर्यंत काकींना फिरवून आण. इतकं सरळ काम! पण सरळ काम केलं तर तो सुध्या कसला. "त्या इंजिनानं तिची कंबर मोडंल, अन्या," तो म्हणाला. "हल्लीची इंजिनं बघ. बॉनेटवर पान्याचा पेला ठेव, हलायचा नाय." झालं. कळंबोलीला अपघातातल्या गाड्यांची इंजिनं मिळतात तिथे मला घेऊन गेला. सल्ला विचारायला नेलं होतं, ऐकायला नाही. एका चेपलेल्या गाडीचं इंजिन त्याला आवडलं. मी इंजिनाभोवती फिरलो, नाक मुरडलं, "हे घेऊ नकोस" असं स्वच्छ मराठीत सांगितलं. संध्याकाळी ते इंजिन टेम्पोतून नेऱ्याला पोचलं.

तिथून पुढचं सांगताना आजही माझं डोकं फिरतं. आधी ते नवं इंजिन ओट्यावर सगळं खोललं. काकींचं जुनं लुगडं अंथरून त्यावर एकेक भाग मांडला, नट-बोल्ट वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांत. ते बांधून झालं तर गाडीत बसेना. खालचं ऑइलचं चेंबर पुढच्या अॅक्सलला टेकायचं. ते कापलं, पुन्हा वेल्डिंग केलं, तर तिथून गळायला लागलं. इंजिन वर उचललं तर बॉनेट लागेना. मागे सरकवलं तर गिअरचा दांडा सीटला लागायचा. दर रविवारी मी पनवेलहून स्कूटरवर जायचो, दर रविवारी चेनपुलीला लटकलेलं ते इंजिन बघायचो आणि दर रविवारी तेच बोलायचो, "अरे, जुनं बसव!" जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. सुध्या ऐकून घ्यायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "चहा घेतोस?" काकी ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या असायच्या. "काय रं अनंता, कदी चालू होनार माजी गाडी?" त्या मलाच विचारायच्या, जणू मीच ती लटकवून ठेवली होती.

तरी एका पावसाळ्याच्या शेवटी इंजिन बसलं. खरंच बसलं. आता राहिलं होतं वायरिंग. या नव्या इंजिनांना एक कॉम्प्युटर असतो, अॅल्युमिनियमचा चपटा डबा. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तो डबा ठरवतो. त्याच्याशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. वायरिंगचं काम रफिकभाईंकडे होतं. त्यांना आतली सर्किटची पाटी बघायची होती म्हणून सुध्याने डब्याचं झाकण उघडून तो ओट्यावर ठेवला. त्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो. देवासमोर पाटावर पूजा मांडलेली, कोयता, विळा, पहार, सुध्याचे पाने, सगळं लख्ख, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. आणि मधोमध तो डबा, तोही लख्ख. सुध्या बाजूला उभा होता. त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं त्याला बरं नाही. "काय रे?" म्हटलं. "काय नाय. उपास," तो म्हणाला. त्याने जन्मात कधी उपास केला नव्हता.

पुढचं वर्षभर गाडी चालू झाली नाही. विचारावं तर कधी बॅटरी, कधी सेन्सर, कधी रफिकभाई गावाला गेलेत. रफिकभाईंना गाठलं तर ते हात वर करून म्हणायचे, "साहब, मुझे मत पूछो. सुधाकरभाईने जबान बंद रखने को बोला है." काकी वाट बघत होत्या. बाजारात न्यायची पिशवी त्यांनी धुऊन घडी करून ठेवली होती. शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. मी शेडमध्येच ओरडलो, "तुला जमत नसेल तर सांग ना! म्हातारीला कशाला झुलवतोस? आत्ता जातो आणि काकींना सांगतो, गाडी होणार नाही." निघालोच होतो. सुध्याने माझं मनगट धरलं, काळ्या ऑइलच्या हातानेच. हळू आवाजात म्हणाला, "आयेनं धुतला तो."

"काय धुतलं?"

"डबा. दसऱ्याला सगळी हत्यारं धुतली ना, तवा. झाकन उघडं होतं. आतून काथ्यानं घासला, साबन लावून. उन्हात वाळवला. आत कुकू पन घातलंय..." तो हसत होता की काय ते मला कळेना. "बोलशील तिला तर बघ."

मी तिथेच टायरवर बसलो. एवढं महागाचं, एवढं नाजूक यंत्र काकींनी पितळेच्या डब्यासारखं घासलं होतं, आणि घासायलाच हवं होतं, कारण लेकाचं अवजार होतं ते आणि दुसऱ्या दिवशी पूजा होती. सुध्या तिला एवढंच म्हणाला होता, "बरं केलंस आये. आता हा देवाजवळच ठेव. लागला की मागतो." आणि मग दुसरा डबा शोधत तो वर्षभर गुपचूप फिरत राहिला. मला राग याचाच येतो. गुपचूप का? मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझ्या कामातल्या ओळखी होत्या, मी चार ठिकाणी फोन फिरवले असते. पण साहेबांना भीती, मी काकींसमोर बोलून जाईन. जुनं इंजिन बसवलं असतं तर सगळंच मिटलं असतं. तेही नाही. "मग आये विचारंल, नवं का काढलं," म्हणे.

दुसरा डबा अखेर मिळाला, याच उन्हाळ्यात. रफिकभाईंनी जोडला. मी होतो तेव्हा. सुध्याने सेल्फ मारला आणि इंजिन चालू झालं... इतकं गुळगुळीत, इतकं शांत की मी तोंड उघडून "अरे वा" म्हणेपर्यंत बंदही पडलं. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. दुसरा डबा दुसऱ्या गाडीचा, त्याला त्याच गाडीची किल्ली हवी. ओळखीची किल्ली दिसली नाही की तो इंजिन बंद करतो. चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय! आता यातून मार्ग काढणारा माणूस शोधायचा होता. "होईल," सुध्या म्हणाला. "तू आता पानी पी. तुजंच इंजिन गरम झालंय." काकी ओट्यावरून म्हणाल्या, "चालू झाली ना रं? मी आयकला आवाज." तो ओरडला, "झाली आये, थोडं ऱ्हायलंय!" थोडं ऱ्हायलंय. ते थोडं राहिलेलं टाकून हा माणूस चहा पिता पिता निघून गेला, आणि मी रागावू नये म्हणतात.

परवा वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, गाडीचं काहीतरी करा. मला ती तशी उघडी बघवत नाही. तुम्ही म्हणत होता तसं जुनं इंजिन बसवा, आईंना एकदा बाजारात नेऊन आणा, म्हणजे सुटलो." इतक्या वर्षांनी त्या घरात कोणीतरी माझं ऐकलं होतं. मी लगेच ताडपत्री काढून जुनं इंजिन बघितलं. बोअर करून होईल. माझ्या अंदाजाने दिवाळीपर्यंत सहज होईल. काकींना सांगायला आत गेलो.

काकी देवासमोर बसल्या होत्या. बारीक झाल्यात. "यंदा सन नाय," त्या म्हणाल्या. "हत्यारं नाय धुवायची, पूजा नाय." मी म्हटलं, "काकी, गाडीबद्दल बोलायचं होतं." त्यांनी मला थांबवलं, देवाच्या फळीवर हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो डबा माझ्यापुढे धरला. कडेला कुंकवाचा डाग तसाच. "हा बघ. सुध्या बोललेला, आये, याच्याबिगर गाडी चालू नाय ऱ्हायची, जपून ठेव. जपलाय मी. रोज कोरड्या फडक्यानं पुसते. याला पानी लावायचं नाय, बोलला."

"का, ते सांगितलं का त्याने?" मी विचारलं.

"नाय. त्यो बोलला म्हंजी कायतरी असंल." त्यांनी पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. "आता तूच करनार ना गाडी? मग घेऊन जा ना हा. तुला लागंल."

जुन्या इंजिनाला डबा लागत नाही. हेच सांगायला मी आलो होतो. वाक्य तयार होतं, आणि ते खरं होतं, आणि सुध्याशी मी ज्या ज्या रविवारी भांडलो त्या प्रत्येक रविवारी माझंच बरोबर होतं. पण काकी तो डबा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत होत्या.

"राहू दे काकी," मी म्हणालो. "देवाजवळच ठेवा. लागला की मागतो."

बाहेर आलो, जुन्या इंजिनावर ताडपत्री पुन्हा टाकली आणि सुध्याला एक सणसणीत शिवी हासडली. मग रफिकभाईंना फोन लावला आणि किल्लीचं काय करता येईल ते विचारलं.