दोरी आधी ओढली

परवा ओल्या पाइनचा वास आला आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगजवळचं ते जंगल आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी मी तिथे एका हॉटेलात भांडी घासायचो. माझे म्हातारे घरमालक, मी त्यांना आजोबा म्हणायचो, मला तिथल्या एअरगनच्या स्पर्धेला घेऊन गेले. झाडांत ठेवलेले पत्र्याचे पक्षी छऱ्याने पाडायचे आणि त्यांना बांधलेली दोरी ओढून पुन्हा उभे करायचे. पक्षी पडलेला बघून जोडीदाराने गुण लिहायचे, मगच दोरी ओढायची. माझ्या छऱ्याने पत्र्याचा कावळा पडला, आणि ताटं झटपट उचलायच्या सवयीने मी लगेच दोरी ओढून तो उभा केला. आजोबा तेव्हा चष्मा पुसत होते! आता कावळा पडल्याचा पुरावाच उरला नव्हता.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"हो, पडला," मी म्हणालो.

"गुट," म्हणजे छान, म्हणत त्यांनी गुण लिहिला.

आठवीत माझ्यावर चोरीचा आळ आला, माझं कुणी ऐकलं नाही, तेव्हाच शाळा कायमची सुटली होती. इथे मात्र माझ्या नुसत्या शब्दावर गुण मिळाला. पुढचा नेम चुकला. आजोबांनी मान वर करायच्या आत मीच हसत ओरडलो, "नाही पडला!"